काटा तीनावर

आप्पा, तुमचा काट्याचा मीटर माझ्याकडे आहे. तुम्ही गेल्यावर कुणाला न विचारता उचलून आणला. तुम्ही असता आणि मी मागितला असता, तरी दिला नसतात.

दिग्गी गावची माणसं वाहणारी ती जीप आठवते? रामनगरच्या आपल्या गॅरेजात तिचं इंजिन चालू आहे, बॅटरी भरणारा करंट आवरणाऱ्या रेग्युलेटरच्या तारेला तुम्ही मीटर लावलाय. "काटा तीनावर. बारा पायजेत. रेग्युलेटर मेलाय," तुम्ही ड्रायव्हरला सांगता. मी म्हणते, "न्हाई आप्पा, बॅटरी भरल्या, म्हणून त्यो करंट तोडून तोडून सोडतोय. बारातलं तीन, म्हंजे पाव हिस्सा येळ चालू, बाकी बंद. हेडलाइट लावा, करंट जास्त लागंल, काटा चढंल." एक बटण ओढायचं होतं, एवढंच. "तुला काय कळतंय? चुलीकडं बघ जा," तुम्ही म्हणालात. ड्रायव्हर फिदीफिदी हसला.

तुम्ही रेग्युलेटर काढून तार डायरेक्ट जोडलीत. करंटला खंडच उरला नाही. चौथ्या दिवशी दिग्गीच्या चढावर बॅटरी उकळली, ॲसिड सांडलं, दिवे उडाले. ड्रायव्हर भांडायला आला, तेव्हा माझ्यादेखत तुम्ही म्हणालात, "पोरीनं हात लावला हुता." संध्याकाळपर्यंत बाजारभर झालं. मला गॅरेजची पायरी बंद झाली आणि वर्षाच्या आत खानापूरला लग्न. चूक केलीत ती मी केव्हाच विसरले असते. खोटं बोललात ते नाही.

पुढे नवऱ्याच्या शेडात मी माझं गॅरेज काढलं. पुस्तकातून कळलं, त्या पाव हिश्श्याला ड्यूटी सायकल म्हणतात. ते थेट टक्क्यांत दाखवणारा मीटर घेतला. तुम्ही एकदा आलात, बाकावर बसलात, मीटरकडे बघत म्हणालात, "ह्यो पंचवीस म्हंजे काय गं?" खरंच विचारत होतात. चार गिऱ्हाइकं उभी होती. मी म्हटलं, "तुमास्नी काय कळतंय, आप्पा? चुलीकडं बघा जावा." सगळे हसले. इतकी वर्षं जपलेलं वाक्य होतं, फार गोड लागलं. तुम्ही उठलात, आत गेलात आणि सगळ्यांना चहा करून आणलात.

अजूनही रेग्युलेटर तपासताना मी हेडलाइट लावते, चढणारे टक्के गिऱ्हाइकाला दाखवते आणि सांगते, एक मेस्त्री होता, माझा बापच. लोक पोट धरून हसतात. हे मी सोडणार नाही. फक्त, गोष्ट मी चुलीपाशी थांबवते. चहाचं कुणाला सांगत नाही. चांगला झाला होता, आप्पा.