ओवाळणीतली कार्बन फ्रेम

रवि., १४ सप्टें.

आली एकदाची. दादाच्या पिकअपमधून खोका आला, सोबत दादा, वहिनी, आणि त्यांच्या शेजारच्या दोन बायका नुसतं बघायला. मांजर्लीतल्या आमच्या दोन खोल्यांत उभं राहायला जागा नव्हती. वहिनीने खोक्यात वाकून बघितलं आणि विचारलं, चाकं कुठायत? म्हटलं, चाकं नसतात. हँडल नसतं, सीटही नसते. सायकलचा नुसता सांगाडा, दोन लाख ऐंशी हजारांचा. तिने दादाकडे अशी नजर टाकली की मला हसू आवरेना.

मॅट काळी, बाजूला लाल अक्षरं. नखाने वाजवली की कोरडा टकटक आवाज येतो. दहा वेळा वाजवून झाली. नवरा म्हणतो आता झोपताना उशाशी घे.

लिहून ठेवते, नाहीतर नंतर मलाच खरं वाटणार नाही. चिखलोलीची आमची जागा. तिथे स्टेशन होणार म्हणून बिल्डर दादाच्या मागे लागलाय. बहिणींचं हक्कसोड पत्र हवं. ताईने सही केली, तिला पाटल्या केल्या. मला विचारलं तुला काय? मी म्हटलं सोनं नको, कार्बनची फ्रेम दे. अर्धी थट्टाच होती. दादाने मनावर घेतलं, म्हणाला ओवाळणी समज. सही दिवाळीनंतर.

आमच्यात बहिणी हक्क सोडतातच. वाटा मागणारीला माहेरी कोणी पाणीसुद्धा विचारत नाही, हे लहानपणापासून बघितलंय. निदान मी हवं ते तरी मागून घेतलं.

मंगळ., १६ सप्टें.

माझ्या जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या सायकलवरचे फोर्क, चाकं, ब्रेक सगळं काढून हिच्यावर चढवलं. बसवायच्या आधी वजन केलं. कंपनी म्हणते अकराशे ग्रॅमच्या आत. भरली साडेतेराशे. साईज मोठी आहे आणि रंगाचंही वजन असतं. असेल.

कामावर सगळ्यांना किंमत सांगितली आणि पस्तावले. जोशी म्हणाला एवढ्यात बुलेट आली असती. बुलेट घेऊन कोंडेश्वरच्या मागच्या पायवाटेने चढ म्हणावं. दहा वर्षं मी फायबरच्या टाक्यांची क्वालिटी बघतेय, धागा आणि तो चिकटवणारं रेझिन मला कळतं. यांना समजावलं की किंमत कार्बनच्या कापडाची नसते. कोणता थर कुठल्या दिशेने ठेवायचा, कुठे जाड, कुठे पातळ, आणि विकायच्या आधी किती फ्रेम मुद्दाम मोडून बघितल्या, त्याची असते. आपली मोडू नये म्हणून दुसऱ्या मोडलेल्या असतात. जोशी म्हणाला बरं.

रवि., २१ सप्टें.

बारवी धरणाचा रस्ता, मग जंगलातली वाट. पहाटे निघाले. काय सांगू. चढावर सायकल आपोआप जाते. पाय मारला की पुढे. उतारावर दगडांतून सोडली, ब्रेकला हातच नाही. एरवी माझ्यासाठी मुद्दाम मागे राहणारी सोबतची पोरं आज खरंच मागे राहिली.

घरी येऊन दादाला फोन केला, पाच मिनिटं नुसती स्तुती. तो म्हणाला, "मग. तुझ्यासाठी घेतलीय, मनू."

रडले थोडी. बाबा गेल्यावर मला मनू म्हणणारा तो एकटाच.

बुध., २४ सप्टें.

नवऱ्याने वॉरंटीचं विचारलं. वेबसाईटवर फ्रेमवरचा नंबर टाकायचा, बिल जोडायचं. बिल दादाकडे. फोन केला तर म्हणाला सीएकडे दिलंय, बघतो. नवरा म्हणाला पुन्हा विचार. मी चिडले. ओवाळणीचं बिल मागायचं असतं का? उद्या पाटल्यांची पावती माग म्हणशील ताईला.

त्याने शांतपणे सांगितलं की ताईकडे पावती आहे, तिने मागून घेतली. मी विषय बदलला.

गुरु., २ ऑक्टो. दसरा

आजचं आजच लिहून ठेवते.

दरवर्षी माहेरी अंगणात गाड्यांची पूजा असते. दादाचे दोन डंपर, पिकअप, जेसीबी. सगळ्यांना झेंडूचे हार. आई म्हणाली मनूची सायकलपण आण, तीपण लाखाची गाडी हाय. नेली. हार घातला, हळदकुंकू लावलं. मलापण मजा वाटत होती.

दादा नारळ घेऊन निघाला. डंपरच्या बंपरवर फट्. दुसऱ्या डंपरवर फट्. पिकअपवर फट्. त्याच हाताने, त्याच जोरात, माझ्या फ्रेमच्या वरच्या नळीवर.

मी पुढे झाले तोवर झालं होतं. नारळ शाबूत, नळीला चीर. मग कोणीतरी मागून हसलं, तीन लाखाची नारळाने फुटली. दादाचा चेहरा पांढरा पडला. त्याला वाईट वाटलं म्हणून पडला असं मला तेव्हा वाटलं.

आई रडायला लागली, अपशकुन झाला म्हणून. मीच तिला जवळ घेतलं. म्हटलं वॉरंटीत देतील बदलून.

शुक्र., ३ ऑक्टो.

सकाळी उजेडात चीर बघितली. थोडी उचकटली. वरचा एक पापुद्रा काळा. त्याखाली पांढरं.

पांढरं म्हणजे काच. आमच्या टाक्यांत असते तीच. दहा वर्षं हात खाजवून घेतलाय तिने, मी नाही ओळखणार? आत नळीभर काचेचा धागा, रेझिनचे गोळे, आणि वर दाखवायला कार्बनचं एक कापड.

नंबर वेबसाईटवर टाकला. असा नंबर नाही.

वजन केलं तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही असेल. मीच रंगाचं निमित्त काढलं. आणि असल्या फ्रेमवर मी बारवीच्या उताराला ब्रेकला हात न लावता.

कामाला गेले नाही.

शनि., ४ ऑक्टो.

उल्हासनगर. दुकान कॅम्पातच आहे, खोक्यावर चिकटपट्टी त्यांचीच होती. शेठ वयस्कर, चांगला माणूस निघाला, हेच जास्त वाईट. मी भांडायच्या तयारीने गेले होते. दादा फसला, त्याला काय कळतं सायकलीतलं, हे रस्ताभर मनात घोळवत होते. फोटो दाखवले. त्याने चहा मागवला.

"मैडम, मैंने आपके भाई को दोनों दिखाया था. ओरिजिनल का फोटो, मंगवा के देता. और ये कॉपी, अड़तीस हज़ार. छुपाया नहीं. वो बोला, लेडीज़ को चलाना है, कॉपी दे दो. दिखने में सेम होना चाहिए, बस."

चहा मला प्यावाच लागला. त्याने चौकशी केली की लागलं तर नाही ना कुठे. बाहेर पडले तर शेजारच्या दुकानात परदेशी नावांच्या नकली जीन्स टांगलेल्या. लहानपणी दादा आणि मी इथूनच घ्यायचो, नाव वाचून खूश व्हायचो. दोनशे रुपयांत सगळं मिळायचं.

लेडीज़ को चलाना है. रस्ताभर तेच ऐकू येत होतं.

मंगळ., ७ ऑक्टो.

नवऱ्याला सांगितलं. मला वाटलं म्हणेल, मी सांगत होतो. तसं काही म्हणाला नाही. एवढंच म्हणाला की सही करायच्या आधी कळलं हे बरं झालं. त्याने सहीचं नाव काढल्यावर मी त्याच्यावरच ओरडले. तो भाजी चिरायला गेला.

दादाचे दोन फोन. उचलले नाहीत.

रवि., १२ ऑक्टो.

माहेरी गेले. फ्रेम घेऊन. ओट्यावर ठेवली, चीर उचकटून दाखवली. दादाने नाकारलं नाही. खोटं बोलला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

त्याचं म्हणणं असं. दोन आठवडे चालवलीस. फोन करून सांगत होतीस चढावर आपोआप जाते. तुझ्यासारखीला, या धंद्यातलीला, फरक कळला नाही. मग जो कळतच नाही त्या फरकाचे अडीच लाख कशासाठी? नावाचे? स्टिकरचे?

ते जास्त झोंबलं. कारण आपोआप जाते हे मीच म्हटलं होतं, आणि खोटं नव्हतं म्हटलं. मला ती खरी आहे असं वाटत होतं म्हणून माझे पाय तसे चालत होते.

मग म्हटलं, "उतारावर मोडली असती तर?"

"मोडली नाही ना."

एवढंच. आई दारात उभी होती. दोघांकडे बघितलं आणि आत गेली.

निघताना दादा गाडीपर्यंत आला. आवाज उतरला होता. म्हणाला चुकलं, ओरिजिनल घेऊन देतो, बिलासकट, तुझ्या नावावर. वॉरंटी, सगळं. सही तेवढी वेळेवर कर, बिल्डरने तारीख दिलीय. दोन्ही वाक्यं एका दमात म्हणाला.

गुरु., २३ ऑक्टो. भाऊबीज

गेले. न जाऊन काय करणार होते? ताई आली होती, पाटल्या घालून. ओवाळलं. कुंकू लावताना त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, बघितलंच. केस पांढरे झालेत त्याचे कानापाशी. राग आला आणि माया पण आली. दोन्ही एकदम आलं की माणूस नुसतं तबक फिरवत राहतो.

तबकात त्याने मुंबईच्या अधिकृत दुकानाची बुकिंगची पावती ठेवली. ताईने मोठ्याने वाचली. सगळ्यांनी वा वा केलं. वहिनी आत गेली आणि भांडी जोरात ठेवली.

ताईला स्वयंपाकघरात गाठून विचारलं, जागेचा भाव काय चाललाय माहितीय का तुला? ती म्हणाली माहितीय. मग? म्हणाली, "मना माहेर पायजे, जागा नको." शिकलेली बाई, माझ्याच शाळेतली. पाटल्या वर सरकवून भाकऱ्या थापायला बसली.

गुरु., ३० ऑक्टो.

आली. दुसरी, खरी.

संध्याकाळभर चूक शोधत बसले. वजन बरोबर, अकराशेला थोडं कमीच. हँडलच्या नळीत बोट घातलं, आतून एकदम गुळगुळीत, एक सुरकुती नाही. नंबर टाकला, लगेच माझं नाव आलं आणि खाली अभिनंदन. बॅटरी लावून आत बघितलं. चूक नाही. कुठेच नाही.

दोन्ही भिंतीला टेकवून ठेवल्या. दारातून बघितलं तर सारख्याच.

आता अडचण अशी की रागवायला कारण उरलं नाही. गेला महिना कॉपी दिली, कॉपी दिली म्हणून जळत होते. तेवढा राग पुरत होता, पुढचं बघावं लागत नव्हतं. आज खरी समोर आहे आणि तरी जळतेच आहे. बाबांच्या जागेच्या माझ्या वाट्यात असल्या फ्रेमांचं दुकान आलं असतं. दादाने मला फसवलं ते अडतीस हजारांच्या कॉपीपुरतं. उरलेलं माझं मीच मागितलं होतं, हसत हसत, आणि वर वाटलं होतं की आपण ताईपेक्षा हुशार.

आणि मला ती हवी आहे. बोट फिरवलं तर सोडवत नाही. याची लाज वाटते, तरी फिरवतेच आहे.

रवि., २ नोव्हें.

उद्या रजिस्ट्रारकडे सही. अकरा वाजता दादा गाडी घेऊन येतोय. आधार, पॅन, फोटो काढून ठेवायला सांगितलेत.

नवरा म्हणाला तुझं तू ठरव, मी दोन्हीत आहे. हा चांगुलपणा मला आज अजिबात नकोय. कोणीतरी हो नाहीतर नाही म्हणावं.

दुपारी आई आली, रिक्षा करून एकटीच. गुडघे दुखत असताना जिना चढून. मला वाटलं दादाने पाठवलं. नव्हतं पाठवलं. फ्रेम बघायची म्हणाली, खरी कसली असते ती. खुर्ची ओढून फ्रेमसमोर बसली. हात लावू का म्हणून विचारलं. मग हळूच, पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवला. किंमत पुन्हा विचारली. सांगितली.

तिच्या माहेरच्या जागेबद्दल मी कधी विचारलं नव्हतं. जांभूळला होती एवढं माहीत होतं, आता तिथे पाण्याच्या टाक्या आहेत. आज तिनेच काढलं. अंगठा तिनेपण दिला होता, लग्नानंतर लगेच, भावांनी बैलगाडीतून नेलं होतं. मी विचारलं, तुला काय दिलं?

"लुगरा दिलता एक. हिरवा. दोन वरसात फाटला." मग फ्रेमकडे बघून म्हणाली, "तुला बघ तीन लाखाची वस्तू. पोरींना आता बरे दिस आलं गो, मनू."

टोमणा नव्हता. तिला खरंच आनंद झाला होता. मी चहा ठेवायला उठले. चहा दिला. तिने बशीत ओतून प्यायला. रिक्षात बसवताना म्हणाली, उद्या चांगली साडी नेस, फोटो काढतात तिथे.

आधार, पॅन, फोटो अजून कपाटातच आहेत.