स्टार्टरमधली पाचर

४ मार्च
डोकं फिरलंय नुसतं! दाजींच्या सुतारकामाच्या शेडमधल्या तिन्ही जुन्या मशीनची वायरिंग बदलायला घेतली — गोल करवत, रंधा, ड्रिल. वायर तीस वर्षांची. हात लावला की वरचं रबर चुरा होऊन पडतं. ते ठीक, जुनं आहे. पण करवतीच्या स्टार्टरचं झाकण काढलं तर आत लाकडाची पाचर! कायमची ठोकलेली. म्हणजे लाल बटण दाबा नाहीतर त्यावर डोकं आपटा, करवत थांबणार नाही. लाइट जाऊन आली की आपोआप सुरू. आणि समोरून फळी धरायला कोण? माझी ताई!

विचारलं, तर दाजी म्हणाले, "तू वायर बदल. बाकी चालतंय."

चालतंय म्हणे! बोटं गेल्यावरही चालेल का?

५ मार्च
पाचर काढून फेकली. करवतीला नवा स्टार्टर.

६ मार्च
रंध्याची वायर ओढली. अर्थिंगचा पत्ताच नाही! इतकी वर्षं ही माणसं जिवंत कशी राहिली?

मोठ्या अक्षरांत कागद लिहून दिला — हिरवं चालू, लाल बंद, झाकण उघडू नये. दाजींनी न बघताच खिशात कोंबला. मी काय वेडा म्हणून लिहीत बसलो होतो?

ताई चहा घेऊन आली. "त्यांना काही बोलू नकोस रे." कायम त्यांचीच बाजू! लग्नाला बावीस वर्षं झाली, अजून तेच.

८ मार्च
परत पाचर! नव्या कोऱ्या स्टार्टरमध्ये! सागाची, चारी बाजूंनी रंधा मारलेली, अगदी मापात. एवढी मेहनत गिऱ्हाइकाच्या कपाटावर घेतली असती तर बरं झालं असतं.

मग मी तोंड सोडलं. दोन्ही कारागिरांसमोर. "बायकोची बोटं काय फुकट आलीत का तुम्हाला?" दाजी फळीवरून हात फिरवत बसले. त्याने तर मी आणखीनच भडकलो. म्हटलं, ताईला काही झालं तर या शेडला कुलूप मी ठोकीन! ताई मध्ये पडली आणि "पुरे कर!" म्हणून ओरडली. कोणावर? माझ्यावर!

पिशवी उचलली, निघालो. ड्रिल तशीच उघडी पडलीय. करा म्हणावं तुमचं तुम्ही.

९ मार्च
फोन नाही केला. करणारही नाही.

११ मार्च
ताई घरी आली. चपला काढायच्या आधीच म्हणाली, "पाचर मी घालते."

दाजींना सहा महिन्यांपासून नीट दिसत नाही. बटणं त्यांच्या बाजूला. लाल बटण चाचपताना त्यांचा हात दोनदा फिरत्या पात्याला लागता लागता वाचला. म्हणून ताई पाचर घालून भिंतीवरच्या मेन स्विचनेच करवत चालू-बंद करते. बाहेर कळलं तर काम कोण देणार? म्हणून मलाही सांगायचं नाही, असं दाजी तिला म्हणाले.

"माझी कुठली रे, त्यांची बोटं वाचवत होते मी."

मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही.