जुळवून घ्यावे

प्रिय ठमे,

हे पत्र घरी न येता तुझ्या ग्रंथालयाच्या पत्त्यावर आलेलं पाहून दचकू नकोस. देवाच्या कृपेने इकडे सगळे बरे आहेत. तुझ्या बाबांचा गुडघा कुरकुरतो आणि गुडघ्यापेक्षा ते जास्त कुरकुरतात. घरी मुद्दामच पाठवलं नाही. तिकडे होते तेव्हा जेवता जेवता जावई मला हसून म्हणाले, काय सासूबाई, वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंशी अजून वाजतंय का तुमचं? माझा घास हातातच राहिला. ते भांडण मी फक्त तुला लिहिलं होतं. तू मान खाली घालून पाणी ओतत राहिलीस, तेव्हा मला कळलं की माझी पत्रं तुझ्या हाती फोडलेली पडतात.

तुझं पत्र परवा मिळालं. पुढच्या रविवारी त्यांचे साहेब सहकुटुंब चहाला यायचे आहेत, तेव्हा मसाल्याच्या बिस्किटांचं 'ह्यांना आवडेल असं' प्रमाण कळव, असं तू लिहिलं आहेस. पत्र वाचून मी हिशेबाची वही काढली. मागच्या पानांवर ती कृती आहे, तू सहावीत असताना मी लिहिलेली. लोणी नि पिठीसाखर पांढरी होईपर्यंत फेसायची, मैदा दोनदा चाळायचा, आणि मग दालचिनी, लवंग, सुंठ, किंचित जायफळ. तुला मसाला कुटायला बसवलं की तू दर दोन मिनिटांनी नाक पुसायचीस नि म्हणायचीस, आई, हे बिस्किट आहे की सर्दीचं औषध? आणि डबा मात्र तूच रिकामा करायचीस. तुझे बाबा म्हणायचे, हिची बिस्किटं नि हिची जीभ, दोन्हींत लवंग जास्त.

मग मी तुझी दोन वर्षांची पत्रं ओळीने मांडली. नव्या दिवाणखान्याचं वर्णन केलेल्या पहिल्या पत्रात आहे, ह्यांना लवंग नको, दातांच्या दवाखान्याचा वास येतो म्हणतात. मी उलट लिहिलं, मग नको घालूस, त्यात काय एवढं. पुढच्या पत्रात सुंठ गेली, घशाला लागते म्हणून. मी लिहिलं, दालचिनी वाढव. मग दालचिनी गेली, लाकूड चघळल्यासारखं वाटतं म्हणून. लोणी निम्मं झालं, कारण त्यांच्या बोटांना तूप लागलेलं त्यांना खपत नाही. साखर कमी झाली. मीठही गेलं. आणि परवाच्या पत्रात तू लिहितेस, आता म्हणतात, ह्याला काही चवच नाही, तर आई, आता काय घालू?

ते वाचून मी काय केलं सांगू? तुझ्या मापाने एक घाणा भाजला. मला बघायचंच होतं. पीठ मळतानाच हाताला कसंसं झालं, भिंतीला लावायच्या खळीसारखं. भाजून निघाली ती पांढरीफटक, आजाऱ्याच्या जिभेसारखी. एक तोंडात टाकलं, तर भिजलेला कागद टाळूला चिकटावा तसं ते चिकटून बसलं, खाली जाईना नि बाहेर येईना. बोट घालून काढावं लागलं. तुझ्या बाबांनी चहात बुडवून पाहिलं आणि कप बाजूला ठेवून दिला. कुणी आजारी आहे का, एवढंच विचारलं. ठमे, माझ्या हातून अन्नाचा कण वाया जात नाही, लोण्याचा कागदसुद्धा मी ताटली पुसायला ठेवते. तो अख्खा घाणा मी कचऱ्यात टाकला आणि देवापुढे बसले तरी क्षमा मागावीशी वाटली नाही.

आता मी तुमच्याकडे होते तेव्हाच्या त्या संध्याकाळचं लिहिते. आपण दोघींनी त्याबद्दल अजून एक अक्षर काढलेलं नाही. त्यांचे ऑफिसातले मित्र बायकोला घेऊन आले होते. तू ताटली आणलीस. जावयांनी एक बिस्किट उचललं, चावलं, दोनदा तोंडात फिरवलं आणि तुझ्याकडे मान वळवली. मान पुरती वळायच्या आत तुझा तळहात त्यांच्या हनुवटीखाली होता. तू त्यांच्याकडे पाहिलंही नाहीस. तू त्या मित्राच्या बायकोला साखर किती विचारत होतीस. त्यांनी तो चिखल तुझ्या हातावर थुंकला, रुमालाने ओठ टिपले आणि पगारवाढीचं बोलणं पुढे चालू केलं. ती बाई कपात बघत बसली. तू मूठ मिटून आत गेलीस नि येताना म्हणालीस, जायफळ जास्त झालं वाटतं.

लहान मुलाचं उष्टं आई हातावर घेते, मीही तुझं घेतलं आहे, त्याची कधी शिसारी आली नाही. पण त्या दिवशी मोरीत जाऊन मी दोनदा चूळ भरली तरी तोंडातली घाण जाईना. तो थुंकला ह्यापेक्षा तुझा हात किती सरावाने पुढे आला, त्याची मला किळस आली. तो सराव एका दिवसात होत नाही. हो, 'तो' असंच लिहिते आहे. इथून पुढे माझ्याने त्याला अहोजाहो होणार नाही. उद्या हे पत्र त्याच्या हाती पडलं तर पडो.

आणि मी काय केलं? सगळ्यांदेखत म्हणाले, हो गं, पुढच्या वेळी जायफळ घालूच नकोस. तुझ्याकडे बघून हसलेसुद्धा. घरी परत येताना गाडीत खिडकीशी बसून मला माझीच इतकी ओकारी येत होती की शेजारच्या बाईने पिशवी पुढे केली.

वहीत जिथे मला नेमकं माप ठाऊक नाही तिथे मी 'जु. घ्या.' लिहून ठेवलेलं आहे. जुळवून घ्यावे. साखर जु. घ्या., आच जु. घ्या. तुझी पाठवणी करताना मला काय सांगायचं ते सुचेना, नि तोंडून तेवढंच निघालं, जुळवून घे गं. माहीत नसलेल्या गोष्टीचं माप मी तुला दिलं, आणि तू शहाणी मुलगी, ते तंतोतंत पाळलंस. साखर जुळवायची असते तेव्हा आपण चाखून बघतो आणि पुरे झाली की थांबतो. थांबायचं कुठे, हे मी तुला सांगितलंच नाही, कारण मीही कधी थांबले नव्हते. तुझ्या आजीपुढे नाही, कुणापुढे नाही. देव सगळं बघतो म्हणत मी स्वतः डोळे मिटून घेत आले.

तर रविवारसाठी माप पाठवायला मी हे पत्र लिहिलेलं नाही. शनिवारी सकाळी तो कामावर गेला की साडेदहाच्या सुमारास मी आणि तुझे बाबा तुझ्या दारात येतो आहोत. बाबांना मी सगळं सांगितलं. ते उठले, माळ्यावरची मोठी बॅग काढली नि आतली जुनी रद्दी बाहेर टाकू लागले. तू तुझी प्रमाणपत्रं, ग्रंथालयाच्या नेमणुकीचा कागद आणि चार कपडे तेवढे वेगळे काढून ठेव, बाकीचं राहू दे. इकडच्या ग्रंथालयात बदली मिळेपर्यंत काय, लोक काय म्हणतील काय, ते मी बघते. मास्तरीणबाई विचारायला येतीलच, त्यांच्याशी माझं वाजतंच आहे, अजून थोडं वाजेल. तुला यायचं नसेल तर आम्ही चहा घेऊन परत फिरू, ओढून नेणार नाही. पण नाही म्हणायचं असेल तर दार उघडून माझ्या तोंडावर म्हण, पत्रातून कळवू नकोस. तुझ्या पत्रातलं कोणतं वाक्य तुझं नि कोणतं त्याच्या धाकाचं, हे मला आता ओळखू येत नाही.

तुझीच,
आई