समोरून एक, बाजूने एक

तीर्थरूप दादास,

धाकटीचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? विचारते आहे खरी, पण उत्तर येणार नाही हे मला ठाऊक आहे, कारण मागच्या दोन पत्रांचीही आली नाहीत. तुरुंगात शिकवायला जाणार असशील तर मला तोंड दाखवू नकोस, असं तू आठ महिन्यांपूर्वी म्हणालास. जन्मात मी तुझं काही ऐकलं नाही, पण एवढं मात्र तंतोतंत पाळलं आहे. पत्रांबद्दल तू काही म्हणाला नव्हतास. (वहिनी, पाकीट नेहमीप्रमाणे तुम्हीच फोडणार, तेव्हा त्यांचं जेवण होऊन ते आरामखुर्चीत टेकेपर्यंत हे पुढे करू नका.)

मी मजेत आहे. दर मंगळवारी दुपारी दोन ते चार, महिला विभागात, शिवणखोलीला लागून असलेल्या लांबट खोलीत माझा चित्रकलेचा वर्ग भरतो. चौदा जणी आहेत. शाळेत पस्तीस वर्षं घालवली, पण असा वर्ग मला मिळाला नव्हता. एकीलाही उशीर होत नाही, दांडी कोणी मारत नाही, आणि घरी जायची घाई कोणाला नाही. (घाई आहे, पण तिचा काही उपयोग नाही.) कोणी काय केलं म्हणून इथे आली हे मी विचारत नाही, आणि माझं वय त्यांनी विचारायचं नाही, असं पहिल्याच दिवशी ठरलं आहे. त्यातल्या एकीपायी मात्र मी सध्या फार कासावीस आहे. ती शिवणखोलीत मशीनवर बसते, म्हणून सगळ्या तिला शिंपीण म्हणतात. तिचे वडील मागच्या हिवाळ्यात गेले, आणि हिला ते कळलं पंधरा दिवसांनी, पत्राने. त्यांचा एकही फोटो तिच्याकडे नाही. म्हणून ती त्यांचं चित्र काढते आहे, आणि कपाळ, मोठाले कान, चष्म्याच्या काड्या एवढं झाल्यावर अडली आहे. डोळे आणि तोंड उतरेना. एक तारखेला तिची दुसऱ्या तुरुंगात बदली आहे, तिथे वर्ग नाही, कागद नाही, पेन्सिल नाही. म्हणजे आमच्या हातात दोनच मंगळवार उरले आहेत.

आता पेन्सिलीचंच ऐक. आमच्या वर्गात शार्पनर चालत नाही, कारण त्यात पातं असतं. कंपास चालत नाही, कारण त्याला टोक असतं. पट्टी चालते, पण लाकडी आणि वीतभरच. पेन्सिली मी घरून टोक करून नेते, आणि फाटकावरची शिपाईणबाई त्या आत जाताना मोजते, बाहेर येताना मोजते. एका मंगळवारी पंधरा आत गेल्या आणि सोळा बाहेर आल्या. झालं. कमी भरली तर काय करायचं हे नियमात सविस्तर लिहिलं आहे, जास्त भरली तर काय करायचं हे कोणालाच सुचलेलं नव्हतं. शिपाईणबाईने तीनदा मोजल्या, मग वरच्या बाईंना बोलावलं, त्यांनी मोजल्या, मग दोघींनी माझ्याकडे असं बघितलं की मीच पेन्सिली पिकवते की काय. दीड तासाने उलगडा झाला. मागच्या बाकावरच्या दोघींचं एका पेन्सिलीवरून भांडण होत होतं, म्हणून त्यांनी गुण्यागोविंदाने ती मधोमध मोडून घेतली होती. नोंदवहीत 'पेन्सिल, वाढ, एक' असा शेरा पडला आणि त्याखाली मला सही करावी लागली. निवृत्तीनंतर माझ्या हातून काहीतरी वाढलं, याचा तुला तरी आनंद व्हावा.

चेहरे शिकवायला घेतले तेव्हाची गंमत तर याहून मोठी आहे. मी नेहमीप्रमाणे सांगितलं की शेजारणीकडे नीट बघा आणि तिचा चेहरा काढा, आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. अर्ध्या तासाने फिरून बघते तर चौदाच्या चौदा जणींनी कागदाच्या मधोमध रेघ मारलेली. डावीकडे चेहरा समोरून, उजवीकडे तोच चेहरा बाजूने, आणि छातीशी धरलेली पाटी, पाटीवर नंबर. हे असं कोणी सांगितलं, म्हणून मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. त्यांनी एकमेकींकडे बघितलं, मग शिंपीण म्हणाली, "बाई, आमचे फोटो असेच काढतात. तुमचे कसे काढतात?" पस्तीस वर्षांत पहिल्यांदा मी सगळ्या वर्गाला पैकीच्या पैकी मार्क दिले, आणि रेघ न मारता कसं काढायचं हे पुढच्या वेळी सांगू म्हणाले.

पण तोवर त्यांना ती पद्धत इतकी मानवली होती की पुढच्या मंगळवारी त्यांनी मलाच खुर्चीवर बसवलं. समोरून एक, बाजूने एक, पाटीवर नंबर पंधरा. (बाजूने मी आपल्या आत्यासारखी दिसते, हे मला साठी उलटल्यावर कळलं. तुम्ही सगळे इतकी वर्षं गप्प कसे राहिलात?) अधीक्षकसाहेब फेरीवर आले, त्यांना ती चित्रं बेहद्द आवडली आणि त्यांनी ती फाटकाजवळच्या भिंतीवर ओळीने लावायला सांगितली. मीही मिरवत होते. त्याच आठवड्यात फाटकावर एक नवा शिपाई बदलून आला. मंगळवारी चार वाजता मी पिशवी घेऊन निघाले, त्याने माझ्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं आणि अतिशय नम्रपणे मला बाकावर बसवून ठेवलं. मी इथे शिकवते म्हणून सांगितलं, तर काल एक जण आपण डॉक्टर आहोत असं म्हणत होती, म्हणाला. माझा पास माझ्याच पिशवीत होता, पण ती पिशवी त्याने जप्त केली होती. चाळीस मिनिटं मी तिथे बसले. आपण काहीच केलेलं नाही हे तोंडावर कसं आणायचं, याचा तेवढ्या वेळात मी फार प्रयत्न केला. जितका प्रयत्न करावा तितका माणूस चोर दिसतो. अखेर अधीक्षकसाहेबांनी येऊन सोडवलं. काही तक्रार आहे का, म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तक्रार कसली, अनोळखी माणसाने नुसत्या चित्रावरून मला ओळखलं, माझा वर्ग पास झाला.

एवढं सगळं होऊन शिंपिणीचे वडील मात्र जागच्या जागी. म्हातारा माणूस समोर बसला तर डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या कशा पडतात, ओठ कसे आत जातात ते तिला कळेल, म्हणून मी माणसं शोधायला लागले. आधी जुने हवालदार बसले. त्यांच्या मिशीत निम्मा चेहरा गडप, आणि दार वाजलं की ते सलाम ठोकायला उभे राहत. मग तुरुंगाचे डॉक्टर बसले आणि चौथ्या मिनिटाला घोरायला लागले. शेवटी अधीक्षकसाहेब स्वतः बसले. त्यांच्या डोक्यावर एक केस नाही, पण चौदाही चित्रांत दाट कुरळे केस आले, कारण टक्कल काढायची एकीचीही छाती होईना. साहेब खूश झाले आणि त्यातलं एक चित्र घरी घेऊन गेले. त्यांच्या मिसेस काय म्हणाल्या ते अजून कळलेलं नाही.

असो. कागद संपत आला. गुडघ्याला शेक घेत जा, चढउतार कमी कर. वहिनींना नमस्कार. राग असावा, पण प्रकृतीला सोसेल इतका.

तुझी,
धाकटी

ता. क. : आता कामाचं. मला एक म्हातारा माणूस हवा आहे. सत्तरीच्या पुढचा, मोठ्या कानांचा, चष्मेवाला, दोन तास एका जागी न बोलता बसणारा. सगळे नातेवाईक डोळ्यांपुढे आणले, या वर्णनाचा एकच निघाला. येत्या मंगळवारी पावणेदोनला फाटकाशी ये. खुर्चीला पाठ आहे, उशी मी आणते.

आणखी ता. क. : तुझा पास मी काढून ठेवला आहे. तुझी फार दिवसांची इच्छा आहे, असं अधीक्षकांना सांगितलं. (त्या इमारतीत खोटं बोलून सुटलेली मी एकटीच असेन.) पासवर वर्तणुकीचा एक रकाना होता, तिथे मी 'चांगली' लिहिलं आहे.

शेवटचं ता. क. : एक सांगायचं टाळत होते. कोणीच माणूस मिळेना, तेव्हा काल मी फळ्यावर आठवणीने तुझाच चेहरा काढला. हुबेहूब उतरला, कपाळाच्या तिन्ही आठ्यांसकट. शिंपीण कितीतरी वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बाई, हे रागावलेत. रागावलेले मलाही काढता येतात. सहा वर्षं बाबा मला भेटायला आले नाहीत, तोच चेहरा डोक्यात बसलाय. राग गेल्यावर कसे दिसले असते, तेवढं दाखवा." मी फळा पुसला आणि पुन्हा काढायला घेतला. मग पुन्हा पुसला. चार वाजेपर्यंत खडू घेऊन उभी होते, दादा, मलाही तो चेहरा जमला नाही. म्हणून ये. रागावून आलास तरी चालेल, बसायला दोन तास आहेत.