वाडीवरचं टेबल

सिस्टर, दिल्लीहून पत्र आलं आहे. एम.एस्सी. नर्सिंगला मला जागा मिळाली. दोन वर्षांची रजा मंजूर झाली, घरच्यांनीही हो म्हटलं, आणि चार दिवस झाले, मीच उत्तर लिहायचं टाळते आहे. वय बेचाळीस. वर्गातल्या बाकीच्या मुली पंचविशीच्या असतील, आणि संख्याशास्त्र नावाचा एक विषय आहे, त्याचं नाव वाचूनच मी पत्र उलटं ठेवलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता तुम्हाला कशाला त्रास द्यायचा, म्हणून दोनदा पेन खाली ठेवलं. पण या वाटेला मला तुम्हीच लावलंत, तेव्हा थोडं ऐकून घ्यावं लागेल.

मी ट्यूटरचा डिप्लोमा घेऊन कर्जतला आले तेव्हा आपला जिल्हा अजून कुलाबाच होता. प्रसूतिगृहामागच्या पत्र्याच्या खोलीत नर्सिंगची शाळा भरायची. माझ्याआधी त्या मुलींना तुम्ही शिकवत होतात, वॉर्ड सांभाळून, कुठल्याही हुद्द्याशिवाय. तुमचं शिक्षण सातवी, त्यावर सुइणीचा कोर्स. ट्यूटरच्या जागेला मॅट्रिक आणि डिप्लोमा हवा असा नियम आला आणि तुमची खुर्ची मला मिळाली. पहिल्या दिवशी तुम्ही कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवलीत, कुठल्या कप्प्यात काय ते दाखवलंत आणि म्हणालात, "घ्या डिप्लोमाबाई, आता पोरी तुमच्या." मला ते झोंबलं. तुमच्या जागी मी असते तर किल्ली विहिरीत टाकली असती, हे कळायला मला बराच काळ लागला.

मी शिकवायला लागले ते थेट पुस्तकातून. तान्ह्या बाळाची अंघोळ हा माझा हातखंडा धडा. टेबलावर मेणकापड, त्यावर टॉवेल, डाव्या बाजूला एनॅमलचा टब, उजवीकडे ट्रे, पाण्यात थर्मामीटर, आणि टबात रबरी बाहुली. मुली पायऱ्या घडाघडा म्हणायच्या. परीक्षेला आलेल्या बाई खूश होऊन गेल्या आणि मी आठवडाभर मान ताठ करून फिरले. तुम्ही दारातून बघायचात आणि वॉर्डात परत जायचात. मला वाटायचं, तुम्हाला हेवा वाटतोय.

मग तो खालापूरकडच्या डोंगरातल्या ठाकूरवाडीचा दिवस. घरभेट शिकवायला मी एका मुलीला घेऊन निघाले आहे आणि तुम्हीही बरोबर आहात, कारण त्या घरातलं बाळ दहा दिवसांपूर्वी तुमच्याच हातावर झालेलं. मुलगी भिवपुरीजवळच्या गावातली, भातशेतीवाल्या घरातली, पाठच्या तीन भावंडांना तिनंच न्हाऊमाखू घालून वाढवलेलं. झोपडीत शिरून तिनं पिशवी उघडली, वर्तमानपत्र पसरलं, हात धुतले. इथवर सगळं बरोबर. मग ती चहूकडे बघत राहिली आणि बाळाच्या आजीला म्हणाली, "आजी, टेबल हाय का?"

आजीनं पदर तोंडाला लावला आणि हसता हसता खालीच बसली. आत बाळंतीण हसली, दारातल्या बायका हसल्या. मुलगी कानापर्यंत लाल. मी पुढे होऊन काहीतरी सावरायला गेले, पण मलाही टेबलाशिवाय सुरुवात कुठून करायची ते सुचेना. तुम्ही कोपऱ्यातला पाट ओढलात, लुगडं गुडघ्यापर्यंत सारून पाय लांब केलेत, बाळाला नडग्यांवर घेतलंत. पातेल्यातल्या पाण्यात कोपर बुडवून पाहिलंत. "पोरी, तू पानी घाल. आजी, तुमी बघा. बेंबीला राख नाय लावायची, कानात त्याल नाय घालायचं. बाकी तुमचं हाय ते समदं बेस हाय." मुलगी गडूनं पाणी घालायला लागली आणि तिचे हात आपोआप चालू झाले. ते हात तिला आधीपासून येत होते. मीच ते सहा महिने बांधून ठेवले होते.

परतताना आपण डोंगराखालच्या शिळफाट्यावर एस.टी.ची वाट बघत उभ्या होतो. मुलगी चणे घ्यायला गेली. मी म्हटलं, "किती शिकवलं तरी आयत्या वेळी गोंधळतात." तुम्ही माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलंत की अजून आठवलं तरी मान खाली जाते.

"ती नाय गोंधळली. तू शिकवलंस तेच तिनं मागितलं."

"अभ्यासक्रम मी नाही ठरवत, सिस्टर. तो वरून येतो."

"वर कोन बसतं? मानसंच ना?"

"बसतात मोठ्या डिग्रीवाल्या."

"मग वर जा ना गं. मी सांगून कोन ऐकतंय? सातवीवालीला कोन इचारतंय? तुझ्यापाशी कागद हाय, अजून एक घे, मग अजून एक. तितं बसून सांग, वाडीवर टेबल नसतं म्हनून."

एस.टी. आली. तुम्ही घराजवळ, दहिवलीला उतरलात, मागे वळूनही पाहिलं नाहीत.

मी चिडले होते, तरी त्याच वर्षी बी.एस्सी.चा अर्ज केला. मुंबईत दुसऱ्या वर्षाची परीक्षा चालू असताना तुम्ही गेल्याचं कळलं. पेपर सोडून आले असते तर तुम्हीच झोडपलं असतंत, असं मी मनाला समजावलं. परत येऊन मी दोन अंघोळी शिकवायला लागले, एक परीक्षेची, टेबलावरची, आणि एक घरची, पायांवरची. दुसरीला गुण नाहीत, तरी मुली तीच लक्षात ठेवतात. त्यांतल्या काही आता गावोगावच्या उपकेंद्रांत आहेत, दोघी स्वतः ट्यूटर झाल्या. त्याही दोन अंघोळी शिकवतात, हे ऐकलं तेव्हा मला फार बरं वाटलं. आता अभ्यासक्रम नव्यानं बसवणार आहेत म्हणतात, आणि त्या कमिटीवर एम.एस्सी. झालेल्यांनाच घेतात. दिल्लीला जायचं ते एवढ्यासाठी. दुसऱ्या अंघोळीला गुण मिळायला हवेत. मी जाणार आहे. संख्याशास्त्रात नापास झाले तर पुन्हा बसेन.

हे तुम्हाला न सांगताही करता आलं असतं. कागद घेतला तो दुसऱ्याच गोष्टीसाठी, आणि तुम्ही नाही आहात म्हणूनच लिहवतं आहे. मुलाखतीत एका बाईंनी प्रेमानं विचारलं, "शिकवायचं कसं, हे तुम्ही कोणाकडून शिकलात?" तुमचं नाव जिभेवर आलं होतं. पण मग त्यांनी विचारलं असतं, त्या सिस्टरचं शिक्षण काय? मी पटकन मुंबईच्या कॉलेजचं नाव सांगितलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. चार दिवस उत्तर लिहवलं नाही ते यामुळे. मला तुमची लाज वाटली, सिस्टर. क्षणभरच, पण वाटली.