वही सिक्युरिटीकडे

रुवैस, शुक्रवार, १० नोव्हेंबर २०२३

वही गेली! हे सुट्या कागदावर लिहितोय. कंपनीच्या कुंपणाबाहेरच्या उंचवट्यावर उभा राहून तेलाच्या टाक्यांचं चित्र काढत होतो. पूर्वेकडून सात, मधली अंतरं पावलांनी मोजलेली. सिक्युरिटीवाला मागे कधी आला कळलंच नाही. "ये क्या है?" वही घेतली, आयडी घेतला. "यल्ला, रूम जाओ. ऑफिस बुलाएगा."

चूक माझीच. एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच प्रवासी असेच. आधी उंचावर चढायचे, गाव नजरेखाली घ्यायचे, तटाची पावलं मोजायचे. मग माणसं टिपायची – नाक, चाल, स्वभाव. कॉलेजचं तोंड न पाहता, डिक्शनरी घेऊन मी त्यांची पुस्तकं मूळ फ्रेंचमधून वाचली. तसंच पाहावं, तसंच लिहावं, ही हौस. पण त्यांच्यामागे त्यांचं सरकार होतं. माझ्यामागे फक्त व्हिसा – तोही कंपनीचा.

शनिवार, ११

बायकोला, कुमुदला, फोनवर यातलं काही सांगितलं नाही. लेकीची, ऋताची, बारावी आहे. आखातातून परत पाठवलं तर?

रविवार, १२

ऑफिसात मराठी कुणालाच वाचता येईना. उद्या वाचून हिंदीत सांगायला तय्यबला बोलावलंय. माझा रूममेट, रत्नागिरीचा. हायसं वाटलं – आणि मग पान एकवीस आठवलं!

तिथे मी त्यालाच टिपलंय. "कोकणी नमुना. उंची पाच फूट सहा. आळशी. गोड बोलतो, पोटातलं कळू देत नाही. जेवताना आवाज करतो." सहा वर्षं ज्याच्या हातचं कालवण खाल्लं, त्याच्याबद्दल हे! त्याने तोंड वाकडं केलं की मी विमानात.

सोमवार, १३

सुटलो. वॉर्निंग लेटर, चित्र फाडलं, खलास. तय्यब साहेबाला म्हणाला, "सर, पागल आदमी है. मेस की सीढ़ियाँ भी गिनता है. और गिनती देखो – टँक आठ हैं, इसने सात बनाए!" साहेब हसला. आठच आहेत. बसमधून मोजल्या.

वही साहेबाने त्याच्याच हातात दिली. बसमध्ये विचारलं, "सगळं वाचलंस?"

"वाचायलाच बोलावलेलं, शैलेंद्रभाई."

"पान एकवीस?"

"त्याचं हिंदी नाय केलं."

मंगळवार, १४

वही माझ्या उशीवर. पान एकवीसच्या खाली त्याचं अक्षर: "शैलेंद्र. उंची मोजली नाय. झोपेत आईला हाका मारतो. सहा वर्सं ऐकतोय. कुणाला बोललो नाय."