सलामीची चाल

३० डिसेंबर
बँड माझ्या गळ्यात पडला! हितेशसरांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर सांगून टाकलं – "सुषमामॅडम, छव्वीस जान्युआरीनी परेड तमेज संभाळी लो. सर तमारा घरना ज हता ने!"
हता. होते. माझ्या नवऱ्याबद्दल मुख्याध्यापकांना हे किती सहज म्हणता येतं. भूपेंद्रला जाऊन अजून सहा महिने झाले नाहीत. मला हे तोंडातून काढायला अजून जमत नाही.
मला सुरातलं काही कळत नाही. तो बासरी काढून बसला की मी कुकर लावायला उठायचे. आणि आता मी तीन चाली निवडायच्या – मैदानात शिरतानाची, सलामीची, बाहेर पडतानाची. त्यातली सलामीची मी मनाशी ठरवलेलीच आहे. त्याचीच.

२ जानेवारी
दुपारभर फोनवर मार्च ऐकले. सगळे मला सारखेच! शेवटी मुलांनाच विचारलं. शिरताना ते ज्याला "डब्याची सुट्टी" म्हणतात तो – वाजला की भूक लागते म्हणे. बाहेर पडताना दुसरा एक, सोपा.
सलामीला "सरांची चाल". ती त्याने स्वतः बसवलेली, पण परेडला कधी घेतली नाही, फक्त तालमीच्या फेरीत. दिवसा पांडेसऱ्याच्या मिलमध्ये कापड रंगवायचा, संध्याकाळी शाळेचा बँड शिकवायचा, पण लग्नसराई आली की रजा टाकून अमळनेरच्या बँडपार्टीबरोबर पळायचा. मी चिडायचे. पोरगा होता नुसता, पस्तिशी उलटून गेली तरी. ती चाल ऐकली की तोच समोर येतो, आणि परेडला सगळ्यांसमोर यावाच असं मला वाटतं. निदान एकदा.

५ जानेवारी
पहिली तालीम. मुलं वाजवेचनात! हातात काठ्या, ओठाला बासऱ्या, आणि सगळे समोर बघतायत. समोर कोणीच नव्हतं.
मग लक्षात आलं. भूपेंद्र वरातीतल्या मास्तरासारखा वाजवणाऱ्यांकडे तोंड करून उलटा चालायचा. मान हलली की ढोल, भुवई उडली की बासऱ्या. खड्ड्यात पडाल हो, म्हणून मी ओरडायचे. आज मीच तिथे उभी राहिले आणि उलटी चालले. दोनदा पडता पडता वाचले.
मोठा ढोल प्रियांकाकडे असतो, नववीतली. ती म्हणाली, "मॅडम, सर असे हसायचे पण."
हसले. कसली हसले, तोंड वाकडं केलं.

७ जानेवारी
आईंनी नाही म्हटलं. म्हणजे सासूबाईंनी.
दर वर्षी तालमीची फेरी आमच्या दारावरून जायची. दारात आलेल्या वाजंत्रीला गूळ-पाणी दिल्याशिवाय पुढे सोडायचं नाही, ही आईंच्या माहेरची रीत. म्हणून भूपेंद्र त्याची चाल नेमकी दारासमोर थांबवायचा. आई तांब्या घेऊन उंबऱ्यात तयार. गल्लीच्या तोंडाशी त्याची पाठ दिसली, लाल कोटातली, की आत ओरडून सांगायच्या, माझा पोरगा आला म्हणून – "उना वं मना पोऱ्या!"
आज भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "यंदा आपला दारवर वाजा नको लयजो वं बाई."
मी विचारलं, लोक नावं ठेवतील म्हणून का? भाजीची जुडी उचलून आत गेल्या. मला राग आला. माणूस गेला, आता त्याच्या चालीलाही सुतक?

८ जानेवारी
फेरी मागच्या गल्लीतून नेली. गूळ नाही, पाणी नाही.

१४ जानेवारी
उतराण, पतंगांचा दिवस. सगळं सुरत गच्चीवर. शेजारच्या चैतालीने चिक्की आणून दिली, वर चला म्हणाली. गेले नाही. खाली बसून त्याच्या कोटाची बटणं घट्ट केली. परेडला पुढे चालणाऱ्याने कोट घालायचा असतो, आणि शाळेकडे दुसरा नाही. खांदे मला उतरतात. उतरू देत. आत टिपा घालायचा धीर होत नाही, त्याचं माप जाईल.
कॉलरला अजून वास आहे. खूप रडले. वर "काइपो छे"चा गलका चालला होता, कोणाला ऐकू जायची भीती नव्हती.

१९ जानेवारी
रंगीत तालीम. घात झाला!
शिरलो छान. "डब्याची सुट्टी" झकास वाजली. मंचासमोर सरांची चाल सुरू झाली, माझ्या अंगावर काटा आला – आणि चालीच्या शेवटी अख्खा बँड थांबला. ठप्प! मुलांना शिकवलेलंच तसं. ही चाल संपते ती दारात, आणि दारात उभं राहायचं असतं. पाहुणे पाणी देतील म्हणून वाट बघत राहिली बिचारी. मागून येणारी दुसरी शाळा आमच्यावर आदळली. झांजा खाली पडल्या. हसू, शिट्ट्या!
हितेशसर लालेलाल. "मॅडम, आ लगननो वरघोडो नथी!" वरात नाही, परेड आहे. खरंच आहे त्यांचं. चाल बदला, नाहीतर बँड नको, आपण स्पीकर लावू, म्हणाले.

२० जानेवारी
न थांबता वाजवून घ्यायचा प्रयत्न केला. चार वेळा. त्यांचे पाय आपोआप थांबतात. प्रियांका रडायला लागली – "सरांनी सांगितलं होतं, आजीला पाणी देऊ दे, मग पुढे."
बँड बंद झाला तर या मुलांकडे त्याचं काय उरेल? चाल ठेवली तर बँड जातो. बँड ठेवला तर चाल जाते. मी बँड ठेवला.
सलामीला आता एक साधा मार्च. सगळ्या शाळा वाजवतात तो. मी स्वतःच्या हाताने त्याला परेडमधून काढून टाकलं. आईंना सांगितलं नाही. आम्ही दोघी हल्ली मिठाचंसुद्धा मोजकंच बोलतो.

२३ जानेवारी
बसला मार्च. कोणी थांबत नाही. मी सरळ चालते, मुलांना माझी पाठ दिसते. छान चाललंय, असं सगळे म्हणतात.

२६ जानेवारी
झाली परेड. एकही पाय चुकला नाही. सलामी दिली, टाळ्या पडल्या, हितेशसरांनी पेढे वाटले. मला काहीच वाटलं नाही. पुढचं आज लिहवत नाही.

२७ जानेवारी
काल परतताना, त्याचा लाल कोट अजून अंगातच, मागच्या गल्लीत कापडाच्या ताग्यांचा टेंपो आडवा होता. आमच्याच गल्लीतून यावं लागलं. मी बजावलं होतं, वाजवायचं नाही, गुपचूप चला. कोपऱ्यावर प्रियांकाचा ढोल वाजला. मग बासऱ्या. सरांची चाल! गप्प करायला मी मुलांकडे वळले, हात वर केला, आणि तो खाली आलाच नाही. उलटी चालत राहिले. चाल संपली. मुलं थांबली. माझ्यामागे आमचं दार होतं.
तांब्या ठेवल्याचा आवाज आला. मी वळणार तेवढ्यात आई म्हणाल्या –
"फिरू नको वं. जराखी तशीच उभी ऱ्हाय."